कुणीही चालेल

आई-वडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे असतील, तर ते आमच्या टीमच्या ताईंचे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. बिलोलीच्या शेतकरी घरातल्या, वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, आणि आमच्या नांदेडच्या ऑफिसात टीम लीड. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हणालो, तेव्हा म्हणाल्या, "मॅडम शाळेत असतात. इथं ताई म्हण, न्हाईतर काहीच म्हणू नको."

हे मी रागात लिहितोय, ते आधीच सांगतो. राग शांत झाल्यावर लिहावं म्हणतात. मी वाट पाहिली. तो शांत होत नाही.

मी लातूरजवळच्या मुरुडचा. वडील बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात नोकरीला आहेत, दुकान दुसऱ्याचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. जिल्हा परिषदेची मराठी शाळा, मग लातूरला बारावी, मग नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनियरिंग. प्रत्येक पायरीवर कुणीतरी हात दिला म्हणून चढलो. पहिला पगार झाला त्या दिवशी आईनं गल्लीत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की माझा लेक कंपनीत आहे. कोणती कंपनी, काय काम, हे तिला सांगता येत नव्हतं. तिला त्याची गरजही वाटली नाही.

कंपनी पुण्याची. आडत दुकानं आणि डाळ मिलसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. माल किती आला, कुणाचा आला, काय भावानं गेला, हे सगळं त्यात. नांदेडच्या ऑफिसात ते लिहिलं जायचं आणि लातूरच्या ऑफिसात ग्राहकांचे फोन घेतले जायचे. माणसं दोन्हीकडे मिळून मोजकीच, पण ताई सगळ्यांना एकच टीम धरायच्या.

रोज सकाळी पुण्याबरोबर व्हिडिओवर मीटिंग व्हायची. प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार, ते इंग्रजीत सांगायचं. पहिल्या आठवड्यात माझी पाळी आली आणि माझा घसा बंद झाला. सगळं पाठ केलेलं होतं. पडद्यावरचे चेहरे बघितले आणि एक शब्द फुटेना. पुण्याकडून कुणीतरी विचारलं, "नांदेडचं नेट गेलं काय?" आणि दोघं-तिघं हसले. तेवढ्यात ताई शेजारून म्हणाल्या, "त्याचं लेखी येईल. पुढचं कोण?"

बस्स. एवढंच. ना मला नंतर बाजूला घेऊन समजावलं, ना बोलायचा क्लास लाव म्हणाल्या. त्या दिवसापासून माझं लेखी जाऊ लागलं. मी लिहायचो तेव्हा शब्द अडत नसत. महिनाभरानं पुण्याची माणसंच विचारू लागली की नांदेडचा तो कागद कुठाय, तो वाचला की सगळं समजतं. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी जसा आहे तसा कुठंतरी उपयोगी पडतो.

ताई सगळ्यांशी असंच वागायच्या, आणि प्रत्येकाशी वेगळं. आमची टेस्टर देगलूरची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि ऑफिसात जवळजवळ मौन. आम्ही बनवलेल्या कामातल्या चुका हुडकायचं तिचं काम. पाठीमागं कुणी उभं राहिलं की तिचे हात थांबायचे. अक्षरशः थांबायचे, कीबोर्डवर ठेवलेल्या जागी. ताईंनी एके दिवशी प्यूनला बोलावून तिचं टेबल कोपऱ्यात असं फिरवून घेतलं की तिच्या पाठीशी फक्त भिंत. का, असं तिला कधीच विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

लातूरच्या ऑफिसात होता अप्पा. उदगीरचा, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातला, कपाळाला भस्माचे पट्टे. सकाळची पूजा झाल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही. ताईंनी त्याची पाळीच उशिराची लावली होती. डिग्री माझ्यासारखीच, पण दोन तास गप्प बसून कोड लिहायचं म्हटलं की त्याला ताप यायचा. फोनवर मात्र तो राजा. चिडलेल्या आडत्याला आधी विचारणार, "काका, नात झाली म्हणे? बारसं कधी?" मग तक्रार. काका विसरलेलेच असायचे की आपण भांडायला फोन केला होता. मला तो मास्तर म्हणायचा.

आणि दर शुक्रवारी दुपारी आमची सावड असायची. नाव ताईंनी दिलेलं. आमच्याकडं पेरणीला, काढणीला लोक एकमेकांच्या रानात जातात. आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं. ताईंची आई पेरणीच्या वेळी चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे तिफणीच्या नळ्यांत हातानं बी सोडायची. तिच्या हाताचं बी सारखं पडायचं, म्हणून गावात तिला बोलावणं असायचं. बदल्यात कुणी बैल घेऊन यायचा, कुणी नुसती ताकद. ताई म्हणायच्या, "सावडीत ज्याच्याकडं जे हाय ते त्यानं द्यायचं, अन् ज्याचं त्यानंच यायचं. पोराला पाठवलं, गड्याला पाठवलं, ती सावड न्हाई."

तर शुक्रवारी मी अप्पासाठी ग्राहकांना पाठवायचे निरोप नीट लिहून द्यायचो. अप्पा मला लातूरहून फोनवर सांगायचा की कोणता आडत्या कशानं बिथरतो. देगलूरची टेस्टर माझ्या शेजारी बसून माझं काम कुठं फाटतं ते दाखवायची. कुणी शेजारी बसलेलं तिला चालायचं, मागं उभं राहिलेलं नाही. हळूच हसायची सुद्धा. आमचं काम चांगलं व्हायचं. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही, तसं होतं म्हणून लिहितोय.

मग पुण्याहून नवे साहेब आले. बोलण्यावरून पक्के मराठी, पण आमच्याशी इंग्रजीतच बोलायचे. दमले की मराठीत यायचे. आम्हाला त्यांनी पहिल्याच दिवशी रिसोर्स म्हटलं. "नांदेडला किती रिसोर्स आहेत?" पाण्याच्या टाक्या किती, विटा किती, त्या आवाजात.

त्यांना जेवायला ताईंनी घरून भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. साहेब आवडीनं जेवले. आणि जेवताना ताईंनी त्यांना सावडीबद्दल सांगितलं. किती आनंदानं सांगितलं! पाहुण्याला घरातली चांगली वस्तू दाखवावी तसं. आमच्याच मुलखातल्या माणसाच्या हातून ही चूक होऊ शकते. आम्हाला वाटतं, चांगली गोष्ट सांगितली की ऐकणारा ती चांगलीच ऐकणार.

साहेब म्हणाले, "वा. म्हणजे इथं कुणीही कुणाचंही काम करू शकतं."

"न्हाई सर, तसं नव्हे," ताई म्हणाल्या, "उलट..."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते उठून व्हरांड्यात गेले. ते "उलट" तिथंच ताटावर राहिलं.

पुढच्याच महिन्यात पुण्याहून सगळ्यांना एक सादरीकरण आलं. त्यात एका पानावर आमचा शब्द होता, इंग्रजी अक्षरांत: सावड मॉडेल. खाली लिहिलं होतं की या टीममध्ये एका रिसोर्सच्या जागी दुसरा रिसोर्स केव्हाही वापरता येतो. ताईंनी ते वाचलं, लॅपटॉप मिटला आणि पाणी प्यायला गेल्या.

मग अदलाबदल सुरू झाली. अप्पाचा आणि माझा हुद्दा एकच, म्हणून अप्पाला कोड लिहायला नांदेडला आणलं आणि मला फोन घ्यायला लातूरला पाठवलं. एचआरच्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला घराजवळ देतोय, खूश व्हायला पाहिजे." आणि नांदेडच्या ऑफिसात बसायची रचना बदलली. सगळी टेबलं मधोमध एका ओळीत, मागून फिरायला वाट. ताईंनी एका टेबलासाठी तीन मेल केले. उत्तर आलं, कुणा एकासाठी वेगळी व्यवस्था करता येणार नाही, धोरण सर्वांना समान.

समान! हा शब्द ऐकला की अजून माझ्या डोक्यात जातं. समानतेच्या जोरावरच मी शिकलो. फी माफ झाली, वसतिगृह मिळालं, ते मी माणूस म्हणून इतरांच्या बरोबरीचा आहे असं कुणीतरी मानलं म्हणून. त्या शब्दाचा हा अर्थ? की तुमच्यात बघण्यासारखं काहीच नाही?

लातूरला माझा पहिला फोन एका डाळ मिलच्या मालकांचा होता.

"अप्पा, अरे ते कालपासनं बिल निघून न्हाई राहिलं."

"मी अप्पा नाही, सर."

"मग अप्पाला दे."

"अप्पांची बदली झाली. मी त्यांच्या जागी."

"बरं, मग तू सांग. बिल का न्हाई निघून राहिलं?"

मला कारण माहीत होतं. ते मी लिहून दिलं असतं तर शाळेतल्या पोरालाही समजलं असतं. पण फोनवर तो मोठा आवाज, मागं मशीनची घरघर, आणि माझा घसा.

"हॅलो? हाव का न्हाई, काहीतरी बोल की बाबा! जागेवर आलायस अन् तोंड घरी ठेवून आलायस का?"

ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा ट्रक दारात उभा होता. मी त्यांना म्हणालो, "लिहून पाठवतो." ते म्हणाले, "लिहून? मी वाचत बसू का ट्रक भरू?" आणि फोन ठेवला.

तिकडून अप्पाचा फोन यायचा. "मास्तर, मला येड लागून राहिलं. दिवसभर कुणाशी बोलायचं न्हाई. आज त्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याला जाऊन दोनदा विचारलं, तुझी तब्येत कशीय. तो म्हणतो, अप्पा, तुम्हीच दाखवून घ्या." मी हसलो. मग तो म्हणाला, "देगलूरकरीण लई चुका करून राहिली रे. साहेब आले की तिच्या मागंच उभे राहतात. मुद्दाम न्हाई, वाटच तिथं हाय." चुका शोधणं जिचं काम, ती चुका करू लागली होती.

काम घसरलं. ते घसरणारच होतं. ग्राहक तुटायला लागले. आणि पुण्याला त्याचं कारण काय दिसलं? माणसं जास्त झालीत.

पुढचं मला अप्पानं सांगितलं, तो त्या दिवशी ताईंच्या शेजारी बसला होता. साहेब व्हिडिओवर म्हणाले, "नांदेड-लातूरमधून एक रिसोर्स कमी करायचाय. तुम्ही नाव द्या."

ताई म्हणाल्या, "कुणाचं?"

"कुणीही चालेल. सगळे सारखेच आहेत ना, तुमचंच सावड मॉडेल." आणि हसले.

अप्पा सांगत होता की ताईंनी वाद घातला नाही. "संध्याकाळपर्यंत देते," म्हणाल्या. मग त्यांनी उठून देगलूरच्या मुलीला चहा विचारला. अप्पाला घरची ख्यालीखुशाली विचारली. मला लातूरला फोन केला आणि जेवलास का, एवढंच विचारलं. मला काही कळलं नाही. आणि संध्याकाळी त्यांनी स्वतःचं नाव पाठवलं.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो. कुणीही फोन केला नाही. टीम लीडनं स्वतःचंच नाव दिलंय, काही चूक तर नाही ना, असं एका माणसानं विचारलं नाही. उत्तर लगेच आलं, दोन ओळींचं, आभार मानणारं. एक हवा होता, एक मिळाला. उलट मोठ्या पगाराचं नाव आल्यानं तिकडं समाधानच झालं असणार. ज्या बाईनं ती टीम उभी केली, जिला प्रत्येकाचा घसा, हात, पूजा, भिंत ठाऊक होती, ती गेली आणि तिच्याबद्दल कुणालाही प्रश्न पडला नाही. मी वेडा झालो होतो रागानं. लातूरच्या ऑफिसच्या गच्चीवर जाऊन मी ओरडलो. त्या वेळी मात्र माझा घसा उघडा होता.

जागा रिकामी झाली म्हणून सेवाज्येष्ठतेनं मला लीड करून नांदेडला परत बोलावलं. कुणी विचारलं नाही की याला लीडचं काम जमेल का. मुरुडला आईनं पुन्हा पेढे वाटले. मी तिला काय सांगणार होतो?

मी परतल्यावर थोड्याच दिवसांत सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब मला म्हणाले, "अजून एक कमी करायचाय. मागच्या वेळी ताईंनी छान सहकार्य केलं. तुम्हीही एक नाव द्या." माझ्या डाव्या हाताला अप्पा होता. पलीकडं, त्या मधल्या ओळीत, देगलूरची टेस्टर होती. तिनं मान वर केली नाही. तिला ठाऊक होतं की कुणाच्या चुकांचा आकडा मोठा आहे.

त्या दिवशी काय झालं ते मी ताईंना कळवलं. ते पत्रच इथं देतो.

*

ताई,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. काही म्हणायला गेलो की "जेवलास का" विचारता. म्हणून लेखी.

आधी वाईट बोलतो. मला तुमचा राग आलाय. साहेबांचा आला तितकाच, कदाचित जास्त, कारण त्यांच्याकडून माझी अपेक्षाच नव्हती. तुम्ही आम्हा एकेकाला वेगळं ओळखलंत, आणि स्वतःला मात्र "कुणीही"मध्ये टाकलंत. एक गेला तरी चालतं, हे तुम्ही पण मान्य केलंत, फक्त तो एक म्हणजे तुम्ही. असं कसं चालेल ताई? तुम्ही गेल्यावर आम्ही वाचलो असं तुम्हाला वाटत असेल. आम्ही वाचलो नाही. आम्ही उरलो.

मला अप्पानं सांगितलं की तुम्ही जाताना म्हणालात, सगळं माझ्या तोंडामुळं झालं, मीच त्यांना सावड सांगितली. तुम्ही चूक सांगितली नव्हती. त्यांनी अर्धी ऐकली. भाकरी पूर्ण खाल्ली आणि गोष्ट अर्धी ऐकली. ते पाप तुमच्या पदरात घेऊ नका.

आता काल काय झालं ते. साहेबांनी माझ्याकडं नाव मागितलं, सगळ्यांसमोर. म्हणाले, कुणीही चालेल. माझा घसा नेहमीसारखा बंद झाला. पुण्याकडचा एक जण म्हणाला, "यांचं लेखी येईल." तुमचं वाक्य, पण चेष्टेनं म्हणाला. आणि ताई, मला इतका संताप आला की मी बोललो. इंग्रजी आठवेना, म्हणून मराठीत बोललो. मुरुडच्या मराठीत. सगळे मराठीच तर होते समोर.

मी म्हणालो, सर, मी नाव देणार नाही. माझ्याकडं कुणीही नाहीये. माझ्याकडं एक अप्पा आहे, त्याला लातूरला फोनवर परत बसवा, तुटलेले आडते तो एकटा आणील. एक टेस्टर आहे, तिच्या पाठीशी भिंत पाहिजे, तिच्या चुका थांबतील. मी आहे, मला लिहायला द्या. आणि एक बाई होत्या, त्यांना तुम्ही घालवलंत आणि तुम्हाला कळलं सुद्धा नाही कोण गेलं. मी माझं पण नाव देणार नाही. कमी करायचं असेल तर तुम्ही स्वतः इथं या, आमच्याबरोबर बसा, प्रत्येकाचं काम बघा आणि मग तोंडावर सांगा की कोण नको.

आवाज फाटला माझा. हुंदका पण आला मध्ये, खोटं कशाला सांगू. पण थांबलो नाही.

साहेब म्हणाले, "वी विल सी." अजून काही आलेलं नाही. कदाचित माझंच नाव काढतील. काढू देत. पण ते त्यांना स्वतः काढावं लागेल, आणि कुणाचं काढलं हे माहीत असावं लागेल.

मीटिंग संपल्यावर मी आणि अप्पानं टेस्टरचं टेबल उचललं. प्यूनमामा म्हणाले, "वरून परवानगी हाय का?" अप्पा म्हणाला, "मामा, तुम्ही तिकडलं टोक धरा, परवानगी आपोआप येते." टेबल तुम्ही तिला दिलेल्या जुन्या कोपऱ्यात लावलं. ती बसली. आधी नुसती भिंतीला पाठ टेकून. संध्याकाळी माझ्या कामातली एक चूक काढून दिली. मोठी होती चूक. मला फार बरं वाटलं.

तुम्ही म्हणालात की घरी तुरीची कापणी आलीय आणि माणसं मिळत नाहीत. रविवारी मी येतोय. देगलूरहून ती येणार आहे. अप्पा पूजा करून निघेल, त्याला उशीर होईल, पण येईल. बदली माणूस कुणी पाठवणार नाही, ज्याचं तोच येईल.

मला कापणीतलं काही येत नाही. बांधावर उभा करून बघा. मला काय जमेल ते तुम्हीच सांगा.

तुमचा,
मुरुडचा